आंबावडीचा आळ

मुलुंड, ३ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला कमी ऐकू येतं म्हणून घरात फोन स्पीकरवरच असतो, आणि हे जयंतीच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र. डॉक्टरांनी मनगटावरच्या गाठीतलं पाणी सुईने काढलं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. गाठ बसली, कॅरम पुन्हा झकास चालू आहे. पण दोन दिवसांनी साखर तपासली, तर दोनशे ऐंशी! मी काही खाल्लं नाही हे दाखवायला तू पाठवलेला आंबावड्यांचा डबा उघडला, तर त्यात दोन वड्या कमी. वाटच लागली. जयंती बोलत नाही. मागे चोरून खाल्लंय, कबूल. पण या वेळी आईशपथ नाही गं! तू तरी विश्वास ठेव.

तुझ्या मायेचा धनी,
विद्याधर

मुलुंड, ४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांच्या पत्राला तिकीट मीच चिकटवलं, त्यामुळे आत काय असेल ते ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी यांना मधुमेह निघाला, तेव्हापासून मीही गोड सोडलंय, यांना एकटं वाटू नये म्हणून. आणि हे खोटं बोलतात, ते फार लागलं. भीतीही वाटते. चार शब्द सुनावा यांना.

लोभ आहेच, तो तसाच असू द्या.
जयंती

बोरिवली, ८ मार्च

चि. विद्या आणि चि. जयंती यांस,
अनेक आशीर्वाद.

औषधांच्या दुकानात माझी हयात गेली, त्यामुळे पत्रं वाचून हसूच आलं. अरे, त्या इंजेक्शनने मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते! विद्या, हाताच्या डॉक्टरांना तुझा मधुमेह सांगितलास तरी का? आधी त्यांना फोन कर. गोळ्या मनाने वाढवू नकोस. पुढे टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडली, तर त्यांनाच दाखवा, कोड उठलं म्हणून नवा गोंधळ नको. जयंती, साखरेपुरता माझा भाऊ निर्दोष आहे. वड्यांचं मात्र मला कोडंच आहे.

तुमची दोघांची,
शर्मिष्ठाताई

मुलुंड, १६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांनी खरंच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लाजेपोटी. फोन केला, पथ्य सांभाळलं, आज साखर एकशे चाळीसवर आली. मग मी कबूल केलं. वड्या मी खाल्ल्या, वन्सं. इंजेक्शनच्या दिवशी काळजीने जीव अर्धा झाला होता, घरी आल्यावर डबा दिसला आणि राहवलं नाही. हे शपथा घेत होते, तेव्हा वाटलं, साखर चढलीय म्हणजे यांनीही बाहेर काहीतरी खाल्लंच असणार, म्हणून माझ्या वड्यांचं सांगितलंच नाही.

वाटलं, चिडतील. तर हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, मला अकरा वर्षं वाटत होतं की तुला गोड आवडतच नाही. मग इंजेक्शन घेतलेल्या त्याच हाताने तिसरी वडी माझ्या तोंडात घातली. स्वतः बोटंसुद्धा चाटली नाहीत, मी बघत होते.

लोभ वाढवा, आणि पुढच्या डब्यात माझ्यासाठी चार जास्त घाला.
जयंती