दांडीवरची काजळी

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार

तीर्थस्वरूप झुंबरआत्यास,

तेजस्वीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? म्हैस दूध देते का, की अजून रुसलेलीच? मी इकडं बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरी नाही.

माझं संशोधन तुला मागं सांगितलं होतं (तू भाकरी थापत नुसतं "व्हय, व्हय" करत होतीस, म्हणून परत सांगते). इटर्बियमचा एक मिश्रधातू आहे. तो भयंकर थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन शेकडोपट जड झाल्यासारखे वागतात. राजारामपुरीत निघालं की दर चार पावलांवर कुणी ना कुणी ओळखीचं थांबवतं, तशी त्यांची चाल होते. या इलेक्ट्रॉनना स्पिन (भोवऱ्यासारखी गिरकी समज) असतो. चुंबकात ठेवून वर सूक्ष्मलहरी सोडल्या की तो उलटतो आणि संगणकावर एक रेघ उमटते. जड इलेक्ट्रॉनची रेघ सहसा दिसतच नाही. मला दिसली, त्यावर लेखही छापून आला! तू कोडोलीत पेढे वाटलेस. तुझ्या कारभाऱ्यांनी, केरबामामांनी, शिरोलीच्या कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला, कारण तांदळाएवढा स्फटिक ज्या टेफ्लॉनच्या दांडीवर चिकटवायचा, ती त्यांनी स्वतः लेथवर काढून दिली होती.

मग सर म्हणाले, स्फटिक काढून नुसती दांडी मोज. (हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. आनंदात राहून गेलं.) मोजली, तर रेघ जागच्या जागी! जळक्या कोळशाचीही अशीच रेघ येते, हे सरांनी लगेच ओळखलं. काजळी आली कुठून, विचारलं. आणि आत्या, माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मामांच्या कारखान्यातली असणार, सर."

सरांनी मामांना फोन लावला, अगदी चांगुलपणानं. मी शेजारीच उभी. मामा म्हणाले, "सायेब, चुकी माजी हाय. पोरीला काय बोलू नका." तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस गं तो! आता म्हणे नवी दांडी काढायला चारचारदा साबणानं हात धुतात, आणि कुणी माझं नाव काढलं की उठून जातात.

आणि ती काजळी त्यांची नव्हतीच. मी रोज सकाळी लॅबच्या मागं उभी राहून मिश्री लावते (डबी कोण भरून देतं, ते लिहीत नाही), आणि त्याच बोटानं ग्रीस लावून स्फटिक चिकटवते. परवा चिमूटभर मिश्री (जाळलेली तंबाखूच ती) नळीत घालून मोजली. रेघ हुबेहूब तीच, उलट जास्त ठसठशीत. पीएच.डी. करणारी बाई मिश्री लावते हे सांगायची लाज वाटली, म्हणून मामांना पुढं केलं. लई वाईट वागले मी. पण त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
तेजी

ता. क. : पत्र टाकायला निघाले ती आधी लॅबवर जाऊन सरांना सगळं सांगून आले. त्यांनी छापलेला लेख टेबलावर काढला. मग म्हणाले, लेख मागं घ्यायचा. घेतला.

ता. क. २ : आत्या, तुला अक्षर दिसत नाही, माझी पत्रं मामाच मोठ्यानं वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. फोनवर मला बोलता आलं नसतं. मामा, चुकलं माझं. उद्या चहाच्या सुट्टीत हे पत्र कारखान्यात सगळ्यांसमोर वाचा. मिश्रीचं गाळू नका.