पुजलेली चाकं

नेरे, पनवेल
ता. १८ एप्रिल २०२५

ती. भीमाताईस,
भगवानचा नमस्कार, नेहमीपेक्षा जरा खाली वाकून.

इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? आळीतला शिवा कंटेनर घेऊन उरणला येतोय, त्याच्याकडे तुझ्या भावजयीने, रंभाने, कडवे वाल दिलेत. त्याच पिशवीत हे पत्र आहे. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तुझ्याआधी तुझी सून उत्तर देते.

परवा तू रागाने फोन आपटलास. तुझ्या जावेच्या पोरीने, प्रांजलने, आमच्या आर्यनशी ठरलेलं लग्न मोडलं. सोयरीक तू जुळवलेली, त्यामुळे तुझंच नाक कापलं गेलं. ‘पोर शिकली नि डोक्यावं बसली,’ असं तू म्हणालीस, आणि मी नुसता हं हं करत राहिलो. ताई, मी दमलोय गं. सांगतो, पण चाकांपासून सुरुवात करावी लागेल.

आर्यनची ती लाल, दोन दरवाजांची गाडी तुला माहीत आहे. तू बसताना कंबर धरून ओरडली होतीस तीच. कंपनीतून आली तशीच त्याने ठेवली होती. ‘एक स्क्रू पन बदलला नाय,’ असं गावभर सांगायचा. पण वरातीसाठी मित्रांनी डोक्यात भरवलं की मूळची चाकं बारकी दिसतात. मग मोठी, काळी, चकचकीत चाकं मागवली. टायरवाला भावेश म्हणाला, एक लावून बघूया, मग पुढचं ठरवू. पण आमच्याकडे नवी वस्तू दारात आली की आधी पूजा. रंभाने चारही चाकं अंगणात मांडली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आळीत पेढेही वाटले.

चाकं बसवल्यावर स्टिअरिंग फिरवलं तर पुढचं चाक मडगार्डला घासायला लागलं. भावेश म्हणाला, परत देऊन दुसरी आणू. रंभा उसळली. ‘पुजलेली चाकं परत? लगीन तोंडावं हाय! एकदा लावली ती काडायची नाय!’ मग मडगार्ड आतून ठोकून वळवायचं ठरलं. गाडी जॅकवर चढली ती तशीच राहिली. आर्यन दिवसभर तिच्याजवळ स्टुलावर बसायचा, जेवणही तिथेच.

आणि त्यातच प्रांजलच्या मुलाखतीचा दिवस आला. अलिबागला नोकरी होती. ‘एसटीने नको जाऊस, मी न्यायला येतो,’ असं यानेच तिला सांगितलेलं. सकाळी मी म्हटलं, अरे, जीप उभी आहे, ती घेऊन जा. तर म्हणतो, ‘बाबा, जीपमदून नेऊ काय तिला? लोकं काय बोलतील?’ ती तिकडे उरणच्या नाक्यावर उभी. याने तिला चाकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कसं दिसतंय?’ येत नाही, हे लिहायचं राहूनच गेलं. पोर वाट बघून एसटीने गेली. पोचली तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. हे तिने तुमच्याकडे कुणाला सांगितलंय का? नसणारच.

मला माझ्या पोराची लाज वाटली, ताई. तो वाईट नाही. दारू नाही, भांडण नाही, आईला उलट बोलत नाही. पण त्याला वाटतं, समोरचं माणूस थांबून राहतंच. कारण या घरात आम्ही थांबतोच.

पुढच्या आठवड्यात प्रांजल एकटीच आमच्याकडे आली. आर्यन मडगार्डसाठी पळस्प्याला गेला होता, रंभा शेजारी. मी पाणी दिलं. ती घटाघट प्यायली आणि म्हणाली, ‘मामा, एकच विचारते, खरं सांगा. मी तुमची मुलगी असते, तर मला या घरात दिली असती?’

मी वालाच्या शेंगा सोलत होतो. एक शेंग सोलून झाली, दुसरीही झाली. हसण्यावारी नेता आलं असतं. ‘होईल सगळं नीट’ म्हणता आलं असतं, आपल्याकडे तसंच म्हणतात. मी म्हटलं, ‘नाय.’

ती रडली नाही. माझ्या पाया पडली आणि गेली. घरी जाऊन तिने फक्त ‘मला मुलगा पसंत नाही’ एवढंच सांगितलं. माझं नाव कुठेच घेतलं नाही. तेव्हापासून तुम्ही सगळे तिला घालूनपाडून बोलताय, जाऊबाई तिच्याशी बोलत नाहीत, हे तूच मला फोनवर सांगत होतीस. आणि मी हं हं करत होतो.

म्हणून हे पत्र जाऊबाईंना वाचून दाखव. सगळ्यांसमोर दाखव. मुलाच्या बापानेच नको म्हटलं, असं सांग. पुढची मुलाखत असेल तेव्हा कळव, मी जीप घेऊन येईन. ती बसली नाही तरी येईन.

आर्यनला अजून सांगितलेलं नाही. शिवाचा कंटेनर निघाला की सांगणार. आधी त्याला सांगितलं असतं, तर त्याचा चेहरा बघून हे पत्र मी फाडून टाकलं असतं. तो माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, देव जाणे. रंभाचं तर विचारूच नकोस.

तूही रागावशील. रागाव. भाऊबीजेला पाट मांडलास तर येईन, नाही मांडलास तर ओवाळणी दारात ठेवून परत फिरेन. पण तेवढ्यात पोरीला कुणी बोललेलं ऐकू आलं, तर मात्र आत येईन.

तुझा भाऊ, आणि हे वाचेस्तोवर कदाचित नुसताच
भगवान