धरण फुटलं तर

आबा,

तुमचे धाकटे भाऊ, आपले तात्या, परवा धरणाखालच्या आमच्या पौडच्या घरून न जेवता उठून गेले. ते गावभर सांगत सुटायच्या आत मीच तुम्हाला सांगते. मी धरणाच्या बाजूनं बोलले, आणि पुन्हा बोलेन.

चीनची लढाई झाल्यापासून पुण्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक इकडं फिरताहेत. शत्रू विमानातून काय काय फोडेल, आणि तेव्हा माणसं कशी वाचवायची, हा त्यांचा अभ्यास. पूल, वीजघरं, धरणं. परवा आमच्या ओटीवर बसून ते विचारत होते, "वरचं धरण फुटलं, तर कुठल्या वाटेनं डोंगर चढाल? म्हाताऱ्यांना कोण उचलेल?" मी आत भाकरी थापतेय. तात्या पान जुळवत म्हणतात, "फुटू द्या की सायेब. आमचं गाव तरी वर यील." ओटी हसली. मी पिठाच्या हातानंच दारात आले. "तुमचं गाव वर येईल तात्या, अन् माझी पोरं कुठं जातील?"

"आबा असता तर त्यानं तुजं त्वांड बगितलं नसतं."

"नसतं तर नसतं. पोरं तर जगतील."

मला का ठाऊक नाही? लहानपणी काठानं जाताना मी म्हणाले होते, किती निळं पाणी! तुम्ही माझा हात सोडलात. "त्याच्याखाली तुझ्या आजीची चूल आहे." तेव्हापासून आपल्यात त्याला कुणी धरण म्हणत नाही, नुसतं 'ते'. बुडालेल्या देवाचा नैवेद्य दसऱ्याला त्यातच सोडायचा, पण पाण्याकडं पाठ करून. सासरी आल्यावरही मी तो नेम मोडलेला नाही, मोडणारही नाही. पण आबा, तुमचा राग काही पाण्यावर नव्हता. गाव बुडवताना आम्हाला कुणी विचारलं नाही, हेच तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होता. आता इतक्या वर्षांनी कुणी विचारायला आलंय, तर मी दार लावून घ्यायचं? मॅट्रिकपर्यंत शिकवलंत ते गप्प बसायला?

दुपारी मी स्वतः प्राध्यापकांना देवीच्या टेकडीची वाट दाखवली. पायऱ्या खोदल्या तर म्हातारीसुद्धा चढेल, हे सांगितलं. तात्यांच्या वाट्याची भाकरी संध्याकाळी दुधात कुस्करून मीच खाल्ली. अन्नावर कसला राग काढायचा?

हे पत्र टाकायचं तरी कुठं? लिहून झालं की चुलीत घालेन. पण एक सांगायचं राहिलं. ज्यांनी मदत केली त्यांची नावं प्राध्यापक आपल्या प्रबंधात छापणार आहेत. माझं विचारलं, तेव्हा सासरचं नाव ओठावर आलं होतं. मी मात्र माझ्या नावापुढं तुमचं नाव लावलं, तुम्हाला न विचारता.