सावनेरहून आणलेला दस्ता

शुक्रवार, १२ जानेवारी १९७३

दस्त्यात फसलो. माझ्या तीनशे पंधरा बोरच्या रायफलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला म्हणून सावनेरच्या एका म्हाताऱ्याकडून हा जुना आणला, तर माझी नळी यात बसतच नाही. मग हा मूळचा कोणत्या बोरचा, किती जाड नळीचा? कुसुमच्या परातीतला गोळा उचलून नळीच्या खाचेत दाबला.

"अहो, कणीक काहून नासवून राहिले?"

ठसा निघाला जेमतेम अंगठ्याएवढा. म्हणजे पॉइंट टू-टू. नेमबाजी शिकणाऱ्यांची!

खांद्याकडच्या टोकाला लाकडाच्या दोन पट्ट्या जोडल्या आहेत, त्यांनी मला फसवलं. गोळीच्या दणक्याने लाकूड तडकलं असेल, म्हणजे बंदूक मोठीच, असं माझं मीच ठरवलं. म्हातारा एवढंच म्हणाला होता, "बोर मले मालूम नाही, साहेब. पोराची होती."

रविवारी परत नेऊन देतो, असं जेवताना म्हणालो. कुसुमने दस्ता खांद्याला लावून पाहिला.

"या पट्ट्या काढल्या तं लेकराच्या मापाचा आहे हा."

खरंच की. तडा कुठेच नाही. पोरगं वाढलं तशी एक पट्टी जोडली, मग दुसरी.

पोरगा आता कुठे असतो, असं मी सहज विचारलं होतं. म्हातारा दस्ता गोणपाटात गुंडाळून सुतळी बांधत राहिला.

परत कसा देऊ? पुन्हा त्याच्याच डोळ्यांसमोर?

माळ्यावर ठेवला. ठेवताना परत एकदा पाहिलं. दोनच पट्ट्या आहेत. तिसरीची वेळ आलीच नाही.