गल्लीच्या टोकाचं पाणी

९ मार्च २०२५, रविवार

एका बादलीत अंघोळ. मी! जुळे सोलापुरात शे-दीडशे बंगल्यांना शॉवर बसवलेला माणूस पत्र्याच्या आडोशाला दगडावर उकिडवा बसून तांब्यातांब्यानं पाणी घेतोय. शेवटचा तांब्या केसरनं वरच्यावर काढून घेतला — "ऱ्हाऊ द्या, तेवढ्यात माझ्या कपबश्या धुऊन हुत्यात."

घर पाडून आज चार दिवस. गल्लीच्या तोंडाशी पहिलंच घर आमचं, आता तिथं खड्डा. नवं उभं राहीपर्यंत मुक्काम गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मथुराआक्काच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत. आठ पत्रे, चार बल्ल्या, जुन्या घराचं दार. नळ नाही. पाणी आक्काच्या अंगणातल्या नळाचं, तेही येईल त्या दिवशी. भाड्याचं विचारलं तर म्हातारी उखडलीच. "माझ्या दारात ऱ्हातोयस, भाडं कशाचं? गप बस की!"

धम्मप्रियाचा पुण्याहून फोन. "बाबा, भाड्यानं फ्लॅट घ्या ना. एकसष्टाव्या वर्षी हे काय?" म्हटलं, बांधकामावर डोळा ठेवायचाय. खोटं नाही. पुरतं खरंही नाही. मला पत्र्यात राहायची हौस आली आहे!

१० मार्च

पाण्याचा दिवस. चार दिवसांआड येतं आणि किती वाजता येईल ते सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मला कळतं. नळात आधी वारा येतो — फुसफुस, मग खोकला, मग थुंकी, मग पाणी. चाळीस वर्षं दुसरं केलं काय? लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. खाली पाइप कुठं गळतोय ते हातभर अंतरात सांगतो. पडल्या पडल्या म्हटलं, "केसर ऊठ, आलं." ती म्हणाली, "कान हायत का भोंगं?"

आलं — आणि काय आलं! मनगटाएवढी धार. चार मिनिटांत हांडा गळ्याला. मथुराआक्का पदर खोचून बघतच राहिली. टोकाचं घर, तिच्या नळाला करंगळीपेक्षा जाड धार कुणी पाहिली नव्हती.

"त्रिंबक, तुझा पायगुण रं बाबा! तू आलास आन् पाणी आलं."

जमलेल्या बायका हसल्या. केसरही हसली.

पायगुण कसला डोंबलाचा! पाडलेल्या घराची माझी जोडणी बंद केली आहे, एवढंच झालंय.

१२ मार्च

केसर गॅस असून चुलीवर पाणी तापवते. म्हणे, "लागतंय किती? दोन बादल्या." भाकरीचा वास पत्र्याखाली कोंडतो आणि मी अठ्ठ्याऐंशी सालात जाऊन बसतो.

लग्न झालं तेव्हा याच गल्लीच्या तोंडाशी, मिलच्या भिंतीलगत अशीच पत्र्याची खोली. सार्वजनिक नळ पार पलीकडच्या चौकात. रांगेत माणसं नसायचीच, भांडी असायची. हांडे, घागरी, डालड्याचे डबे. एकीनं दुसरीची घागर पुढंमागं केली की संपलं, सात पिढ्यांचा उद्धार! केसरच्या हांड्याला बुडाशी पोचा होता. भरताना त्याचा आवाज वेगळा यायचा, जरा चिरका. सायकलवरून कामावरून परत येताना लांबूनच कळायचं: आपला लागलाय नळाला. मग मी घरी न जाता तिकडंच वळायचो. एक ती घ्यायची, दोन मी.

खोलीत आई, धाकटी बहीण. नवराबायकोला बोलायला जागा कुठली? नळापासून खोलीपर्यंत, तेवढीच. त्या वाटेवर आम्ही सगळा संसार ठरवला. लेकराचं नाव, शिवणयंत्र, माझा स्वतःचा धंदा. मुद्दाम हळू चालायचो. पाणी हिंदकळून माझी विजार भिजायची.

एकोणनव्वदला दारात नळ आला. ती वाट बंद झाली. मी कामं धरत गेलो, ती घर. बोलणं "जेवायला वाढू का" वर आलं.

आज आक्काच्या अंगणातून पत्र्यापर्यंत कळशी आणताना केसर मध्येच थांबली. तीस पावलंसुद्धा नाहीत! म्हणाली, "धम्मीच्या वेळेस मला चिंचा आणून दिलेल्या, आठवतंय का? सायकलच्या घंटीला पिशवी अडकवून." पाच मिनिटं उभे होतो. भरली कळशी तिच्या कमरेवर, आणि दोघांच्याही ध्यानात नाही.

१५ मार्च

पाणी संध्याकाळी पाचला. आक्काची लेक उत्कर्षा घरी होती. लग्न मोडून आईजवळ परत आलेली, चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात पॅकिंगला. शेचाळीसची असेल. तिची सगळी भांडी अर्ध्या तासात भरून झाली आणि ती नुसती उभी.

"मामा, आता काय करू? पाण्याच्या दिवशी मोकळा हात म्हाईतच न्हाई मला."

चहा घेत सहज विचारलं, शाळा कितवीपर्यंत झाली गं?

"नळापत्तुर!" मोठ्यानं हसली. मग सांगत बसली. "दहावीचा गणिताचा पेपर. आई तापानं पडलेली आन् नेमकं सकाळी पाणी आलं. धार कशी, शिवायच्या दोऱ्यागत. दोन हांडं भरून पळाले, तवर शाळेचं फाटक लावलेलं. शिपायाला म्हटलं, काका, पाणी आलं हुतं. तो म्हणला, मंग पाणीच पी. त्याच्या फुडं बसलेच न्हाई मी परीक्षेला. गणित लई आवडायचं, मामा."

दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं सांगत होती.

पंच्याण्णव साल. माझी धम्मप्रिया तेव्हा बालवाडीत. ती शाळेला उशिरा गेल्याचं मला एकदाही आठवत नाही.

१८ मार्च

पाया खणताना जुनी जोडणी उघडी पडली. सिद्धलिंग मिस्त्री अक्कलकोटकडचा. चकित झाला की त्याचं कानडी सुटतं. "अय्यो, इदेनु शेठ!" खड्ड्यातून बोट घालून दाखवतोय. "गल्लीत सगळ्यांना अर्धा इंच की! तुमालाच एक इंच? कुणी दिलं?"

म्हटलं, "जुनं काम आहे. माती ओढ त्यावर."

लिहूनच टाकतो. या वहीशिवाय सांगायचं कुणाला?

गल्लीत पाइप मीच आणला. वॉर्ड ऑफिसला चौदा खेटे घातले. घरोघर फिरून अर्जावर सह्या, अंगठे. पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराकडं मजूरही मीच. शेवटच्या संध्याकाळी, चर बुजवायच्या आधी, एकटा खाली उतरलो. मोठ्या पाइपाला भोक पाडून प्रत्येक घराला जोडणी दिली होती, अर्ध्या अर्ध्या इंचाची. माझं भोक मी एक इंचाचं केलं. केसरला सातवा महिना. तिच्या कमरेवर पुन्हा हांडा नको, असं मनाला सांगितलं. ते खरं होतंच. पण चार लोकांत माझ्या नळाची धार उठून दिसावी, हेही होतं. पंचवीस वर्षांचा होतो! पहिलं घर, मोठं भोक. पुढं उरेल ते बाकीच्यांना. शेवटी आक्का.

नंतर कधीतरी बदलू म्हटलं. मग घर वाढलं, वरची टाकी आली. आक्का कधी भांडली नाही, म्हणून मला आठवावं लागलं नाही.

दुसऱ्यांच्या गळत्या शोधून पोट भरलं मी.

२० मार्च

आक्काच्या नळावर हांडा: तीन मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ लावून मोजलं. माझं घर झाल्यावर किती लागतील?

२३ मार्च, रविवार

सिद्धलिंगनं विचारलंच. "जोडणी कशी करू शेठ? हुती तशी? कुणाला कळतंय!"

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन बाथरूम, वर टाकी. अर्धा इंच पुरतो. जमिनीत हौद करायचा, पाणी आपसूक येईल तेवढं साठवायचं, तिथून मोटरनं वर चढवायचं. गल्लीतल्या कुणाच्या तोंडचं काढायचं कारण नाही. म्हणजे गुपचूप अर्धा बसवावा, माती ओढावी, विषय मिटला. धंद्यात मी कायम असाच वागलो. काम चुकलं तर स्वतःच्या खर्चानं नीट करून द्यायचं, तोंड उघडायचं नाही. लोक वर कौतुक करतात!

हुशारी आहे खरी. पण उत्कर्षाचं फाटक?

२९ मार्च

मंडळाची पोरं आली. यंदा चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माझा सत्कार. "काका, गल्लीत पाणी आणलं तुमी. शाल मथुराआक्काच्या हातनं." नको म्हटलं. "आसं कसं? पत्रिका छापल्यात की!"

पोरं गेल्यावर केसर म्हणाली, "घ्या की. ऐन उन्हाळ्यात शाल लई उपेगी पडती."

तिच्याकडं नीट बघितलं. भाकरी थापत होती.

४ एप्रिल

काल स्वतः खड्ड्यात उतरून जोडणी बदलली. अर्धा इंच. सिद्धलिंगला हात लावू दिला नाही. गुडघे बोलले, पण पाना हातात अजून बसतो.

आज पाण्याचा दिवस. इकडं बांधकामावर माझा नळ सोडून ठेवला आणि धावत आक्काच्या अंगणात. धार मनगटाएवढी नाही आता, पण अंगठ्याएवढी आहे. सात मिनिटांत हांडा. राहील ती अशीच.

काम नीट झालं. तरी जेवण गेलं नाही.

९ एप्रिल

चौदा तारखेच्या आत सांगायचंच, असं ठरवून गेलो. आक्कानं ताकाचा पेला हातात दिला. पुढं मी तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली. "नळ सुटला त्या दिशी सगळी गल्ली तुझ्या दारात. पयला तांब्या भरून तू माझ्या हातात दिलास. म्हणलास, आक्का, तू मोठी, आदी तू पी. आठवतंय का?"

आठवतंय. गुळाचे खडे वाटले होते. आईनं नळाला झेंडूचा हार घातला होता. बायका पाण्याखाली नुसते हात धरून उभ्या होत्या, भांडी विसरून. तसा दिवस पुन्हा आला नाही माझ्या आयुष्यात. धम्मप्रियाच्या लग्नातसुद्धा नाही.

आणि चराला माती पडून तेव्हा दोन दिवस झाले होते.

ताक पिऊन परत आलो.

केसर भांडी घासत होती. "सांगायचं व्हतं ते ऱ्हायलं वाटतं?"

"काय सांगायचं?"

"मला काय म्हाईत!"

१२ एप्रिल, शनिवार

सांगितलं. आक्का शेंगा फोडत होती. हात थांबला नाही.

"म्हाईत हाय की. पयल्याच महिन्यात कळलं. केसरचा हांडा पाच मिन्टात, माझा तासानं. ते कळाया काय इंजिनेर लागतोय? समद्या बायका बसलो, ठरवलं. दारात नळ त्यानं आणला, तेवढं त्याचं म्हणून सोडा. केसर रडाय लागली. तिला म्हणलं, त्याला बोलू नगं, लाजंल."

छत्तीस वर्षं!

मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "आमी सोडलं, ते आमचं. उत्कर्षाला कुणी इचारलं न्हवतं. धा वर्साची हुती ती. तिला अजून ठावं न्हाई. ते तुझं तू सांग."

उत्कर्षाला कारखान्याची बस साडेतीनला नाक्यावर सोडते. तीन वाजलेत. वही ठेवतो.