चौथ्या पंजाची नखे

भवानीपूर, कलकत्ता
आश्विन शुद्ध त्रयोदशी

ती. कालिंदीवन्सं यांस सुनीतीचा नमस्कार.

काल तुमची तार आली. ‘घट हलल्याचे कळले. आईला न्यायला येते.’ एवढीच. पूजेच्या सुट्टीत मी पत्रे लिहीत नाही, वह्या तपासते. पण या तारेला उत्तर दिले नाही तर तुम्ही मिरजेहून खरोखरच निघाल, म्हणून लिहायला बसले आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (एवढ्या लांबच्या आगगाडीचा विचार करताना त्या गुडघ्याला कोणी विचारलेले दिसत नाही.) सदाशिवरावांचा दमा थंडीआधी आटोक्यात ठेवा. इकडे आईंची प्रकृती उत्तम, तुमच्या बंधूंची बरी, माझी विचारू नका.

घट हलला हे खरे आहे. ते तुम्हाला वृंदाने बराकपूरहून कळवले हेही मला ठाऊक आहे. तुमची लेक नवमीला आजीला भेटायला आली, घट आजीच्या खाटेवर बसलेला पाहिला आणि चहा अर्धा टाकून गेली. मिलिटरीतल्या माणसाशी लग्न झाल्यापासून बातमी तिच्या पोटात राहत नाही. पण घट का हलला ते तिने विचारले नाही, म्हणून ते मला पहिल्यापासून सांगावे लागत आहे.

सगळे सुरू झाले एका मांडणीपासून. तुम्ही ती पाहिलेली नाही. साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या कचेऱ्यांचे सामान लिलावात निघत होते, आणि लिलाव दिसला की तुमच्या बंधूंना घर आठवत नाही. (आमच्याकडे जहाजाची एक घंटाही आहे. ती का आहे हे विचारायचे मी सोडून दिले.) कुठल्याशा गोऱ्या व्यापाऱ्याकडे टपाल वेगळे करायला ही मांडणी वापरत: चौकोनी खण, वर तीन, खाली तीन, भक्कम सागवान, आणि पाय एकही नाही. सरळ फरशीवर बसलेली. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर. चांगला पाऊस झाला की गल्लीतले पाणी उंबरा ओलांडून आत येते आणि दुसऱ्या दिवशी आपले आपण जाते. तेवढ्यात खालच्या खणांतले डाळींचे डबे गंजतात, वह्यांना बुरशी येते आणि झुरळे वरच्या मजल्यावर राहायला जातात. आमच्या घरमालकीण सुचित्रादेवी चौकापलीकडे राहतात. त्यांचा यावरचा उपाय म्हणजे विटा. इथे घरोघरी पलंग विटांवर चढवलेले असतात आणि खाली निम्मा संसार असतो. मला ते पसंत नाही. मी म्हटले, मांडणीला रीतसर पाय लावायचे.

निताई मिस्त्री बजबजचा. हात बरा, तोंड त्याहून बरे. दुर्गापूजा जवळ आली की इथला सुतार डोळ्यांना दिसत नाही हे वीस वर्षे राहून मला कळलेले आहे, म्हणून मी त्याला महालयेची, म्हणजे आपल्या सर्वपित्रीची, मुदत घातली. दुसऱ्या दिवशी आपली घटस्थापना, तिच्या आत घर झाडून मोकळे. चार पाय, साधे, चौकोनी, वीतभर उंच, असे कागदावर काढून दिले. त्याने आणले वाघाचे पंजे. तेही तीन. मी विचारले, हे काय? तर म्हणे, “दीदीमणी, सादा पाया तो मेज का होता है. ये जमींदार के पलंग का डिजाइन है.” आणि चौथा? “चौथे का नाखून बाकी है. बिना नाखून का पंजा बिल्ली का लगता है. कल सुबह.” तीन पंजे ठोकून तो गेला. चौथ्या कोपऱ्याखाली मला सुचित्रादेवींच्याच विटा मागून आणून रचाव्या लागल्या. त्यांनी त्या हसत दिल्या. ते हसणे मी लक्षात ठेवले आहे.

‘कल सुबह’ अर्थातच उजाडला नाही. घटस्थापनेच्या सकाळी मी फुले आणि पत्रावळी आणायला बाजारात गेले, आणि परत येऊन पाहते तो आईंनी घट बसवलेला! मांडणीच्या वरच्या ओळीत, मधल्या खणात. टोपलीत माती, त्यात धान्य पेरलेले, वर तांब्या, शेजारी अखंड दिवा. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “बघ गं, वाहन आपण होऊन घरात आलं. आता देवी दुसरीकडे कशाला बसेल?” तीन पंजे त्यांनी पाहिले होते. विटा पाहिल्या नव्हत्या.

आता घट बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी स्वतः या गोष्टी फारशा मानत नाही. पण आषाढात इथे येताना आईंनी काय सांगितले होते ते तुमच्यासमोरच सांगितले होते: कलकत्त्यात देव नीट बसले तर मी राहीन, नाही बसले तर माझी सांगलीची खोली आहेच. त्या खोलीत माघात त्या पाय घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत फरशीवर पडून होत्या. लेकीच्या घरी त्या राहणार नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. म्हणजे ती खोली, ती फरशी आणि तो दूधवाला एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सुचित्रादेवींच्या विटा.

तेव्हापासून माझी झोप गेली. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही असे मी वर्गात मुलींना शिकवते. पण पाय योग्य जागी असतील तर. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर उभी असलेली वस्तू चौथ्या कोपऱ्याकडे कलंडायला नुसते निमित्त शोधत असते, आणि निमित्ते पुष्कळ. समोर गल्लीच्या पूजेचा मांडव. तिथे ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, वाजू लागला की आमच्या दिव्याची ज्योत ठेक्यात हले. मी कमिटीच्या सेक्रेटरीला जाऊन सांगितले की ढाक जरा पलीकडच्या तोंडाला वाजवावा. तो तिशीचा मुलगा, माझ्याकडे अशा दयेने पाहू लागला की जणू माझ्या घरात कोणी आजारी आहे. “मासीमा, माँ इधर से आती हैं. ढाक उधर कैसे बजेगा?” मी नमस्कार करून परत आले. दिवा लाकडाच्या खणात, त्यामुळे वरची फळी काळी पडू लागली. मी तिथे पितळी ताट अडकवले. आईंनी ते काढून घासून ठेवले. मी पुन्हा अडकवले. दर थोड्या वेळाने मी झाडण्याच्या निमित्ताने वाकून विटा पाहत असे. आई म्हणाल्या, “एवढा केर कुठून येतो तुझ्या घरात?”

अष्टमीला सकाळपासून पाऊस लागला. तुमच्या बंधूंना मी बजबजच्या गाडीत बसवले: सुतार किंवा पाय, काहीतरी घेऊन या. ते गेले, आणि सुचित्रादेवींचा गडी विटा मागायला आला. पाणी चढणार, त्यांच्या पलंगाला आणखी एक थर हवा. आता दुसऱ्याची वस्तू त्याने मागितल्यावर नाही म्हणायचे नाही, असे मी मुलींना सांगते. विटा दिल्या. त्यांच्या जागी माझी नकाशांची दोन मोठी बाडे सरकवली. ती भक्कम होती, कोरडी असेपर्यंत. दुपारी पाणी आत आले, दोन्ही बाडे फुगली आणि एकदम सटकली. मी जवळच होते म्हणून कोपरा हातावर झेलला. मग मी तशीच उभी. पाणी घोट्याच्या वर, दोन्ही हात गुंतलेले, ओरडावे तर ढाकापुढे कोण ऐकणार? आणि ओरडले असते तर आईंना कळले असते. त्या खाटेवर पाय वर घेऊन स्तोत्र म्हणत होत्या, डोळे मिटून. मला वाटले, हे संपेपर्यंत तुमचे बंधू येतील. वन्सं, ते स्तोत्र इतके लांब आहे याची मला कल्पना नव्हती. आणि तरीही मी सारखी मनात म्हणत होते की ते लवकर संपू नये.

ते संपले. आईंनी डोळे उघडले, मला पाहिले, मांडणीखाली पाहिले, तरंगणारे नकाशे पाहिले. मग म्हणाल्या, “कधीपासून?”

मी म्हटले, “आत्ताच.”

“खोटं नीट बोलता येत नाही तर बोलू नये. मास्तरीण ना तू? पाण्यात उभी राहून न्युमोनिया करून घेशील, मग मला भात कोण वाढील, माझा लेक भालू?” आणि मी नको नको म्हणत असताना त्या पाण्यात उतरल्या, टोपली उचलली, खाटेवर उशाशी नेऊन ठेवली, पुन्हा आल्या आणि दिवा हाताच्या आडोशाने तिकडे नेला. विझू दिला नाही. मग मला म्हणाल्या, “सोड आता.” मी सोडले. मांडणीने एक गुडघा टेकला आणि मुगाचा, तुरीचा आणि मसुरीचा डबा असे ओळीने पाण्यात उतरले.

संध्याकाळी तुमचे बंधू आले. पाणी ओसरत होते. सुतार नव्हता, तो गावच्या पूजेत पंगत वाढत होता आणि त्याने यांना पहिल्या पंक्तीला बसवून खिचडी वाढली. पाय मात्र आणला होता, काखेत, बिननखांचा.

त्या क्षणापासून आज त्रयोदशी, आई त्या विषयावर एक अक्षर बोललेल्या नाहीत. दसऱ्याला त्यांनी घट उठवला, उगवलेले धान्य सगळ्यांना वाटले, सुचित्रादेवींच्या अंबाड्यात स्वतः खोवले. सांगलीचे नाव नाही. ‘राहते’ म्हणायचेही नाव नाही. विचारावे तर उत्तर मिळेल, म्हणून मी विचारत नाही. आज सकाळी निताई उगवला आहे आणि बाहेर चौकात बसून चौथ्या पंजाला नखे काढतो आहे. त्याशिवाय लावणार नाही म्हणतो. आई त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या आहेत. तुमचे जावई मनोहरराव उद्या रजेवर सांगलीस निघतात, वाटेत मिरजेला उतरतील, ते आता पत्र न्यायला येतील, म्हणून पुरे करते. यायचे की नाही हे तुम्ही तुमच्या विचाराने ठरवावे. मी काही सुचवत नाही.

तुमची
सुनीती

ता. क. सुचवते. येऊ नका. न्यायला आलेल्या लेकीला परत पाठवणे आईंना जमणार नाही, त्या उठून निघतील, तुमच्याकडे चार दिवस काढतील आणि मग त्या खोलीत जातील. मी त्यांना राहा म्हणायला हवे होते हे मला समजते. दोनदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा डाळ निवडायची आहे का असे विचारून आले. निदान कार्तिकापर्यंत तुमचा गुडघा दुखू द्यावा, ही विनंती.

पुन्हा ता. क. पंजा लागला. मांडणी हलत नाही. निताई हत्यारे गुंडाळत होता, तेवढ्यात आईंनी त्याला थांबवून आपल्या खाटेलाही असेच पाय लाव म्हणून सांगितले, चांगले उंच. मी म्हटले, उंच खाटेवरून पडाल. त्या म्हणाल्या, “पाट ठेव चढायला. उंच नको तर खाली ट्रंक कशी जाईल?” मी विचारले, कोणती ट्रंक. “सांगलीची. दुसरी आहे कुठे माझी?” मी आत निघून आले आणि हे लिहिते आहे. तेव्हा येऊ नका हे कायम, पण सांगलीला जाऊन त्या ट्रंकेची उंची मोजा आणि तारेने कळवा. कडीसकट मोजा. निताई कालीपूजेला पुन्हा गावी जातो, आणि हे पायही पंजांचेच असणार आहेत.

मनोहररावांच्या हाती दिले: हे पत्र. वृंदाकडे राहिलेला सदाशिवरावांचा मफलर. सुचित्रादेवींकडून नारळाच्या लाडवांचा डबा (डबा परत पाठवावा). आईंच्या सांगलीच्या खोलीची किल्ली, ट्रंक काढून खोली मालकांच्या ताब्यात देण्यासाठी. आईंनी स्वतः कनवटीची सोडून दिली. सर्व ताब्यात मिळाले. मनोहर.