प्रालीन बदक कोणाला देते

चि. एवारिस्त यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर त्या तेलाच्या कारखान्यात वाकायचं आणि घरी आल्यावर लोकांसमोर ताठ बसून दाखवायचं, हे सोड आता. क्लेलीला सांग, अंजिराचा मुरंबा पोचला. बरणी फार छान आहे. माझे गुडघे सकाळी कुरकुरतात, दुपारी ऐकतात. पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि नोएली लिहिते आहे. जिथे अक्षर बिघडलेलं दिसेल तिथे तिच्या नवऱ्याचा विषय आहे असं समज.

अल्सीद आणि ओव्हीद, म्हणजे माझा मुलगा आणि माझा जावई, दोघेही तुला कुत्रीबद्दल लिहिणार आहेत. दोघेही खरं तेच लिहितील, म्हणून मी आधी लिहिते आहे. तू प्रालीनला पिल्लू असताना इथे सोडलंस आणि जाताना मोठ्या न्यायाधीशासारखा अंगणात उभा राहून म्हणालास, शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी ही ज्याच्या हाती बदक आणून देईल त्याची ही कुत्री. कोणालाच दिलं नाही तर नाताळात पिंजरा घेऊन येईन आणि माझ्या साहेबाला देऊन टाकीन. तू गाडीत बसून गेलास. आम्ही इथेच राहिलो.

अल्सीदची पद्धत तुला ठाऊक आहे, कारण ती त्याला तूच सांगितलीस. रोज सकाळी कुत्रीचा कान धरायचा, नखाने दाबायचा, ती ओरडायला तोंड उघडते तेवढ्यात बदकाचे पंख बांधलेला दांडका तोंडात घालायचा आणि कान सोडायचा. म्हणजे तिला कळतं की तोंडात काही असलं की दुखत नाही. कळलं तिला. आता कोणाचाही हात वर गेला की ती जवळची वस्तू उचलते. पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले, त्यांनी हात वर केला आणि तिने त्यांची टोपी उचलली. चावली नाही हो. टोपीला दाताची खूणसुद्धा नाही. (ही गोष्ट अल्सीद स्वतःच्या बाजूने सांगतो.) मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या बापाने तुझा कान कधी धरला नाही, आणि बघ, अजून तुला सांगितलेलं काही आणता येत नाही. तेव्हा तुझ्या पद्धतीत काही असेलही."

ओव्हीद न्हावी. त्याला सगळं गोड बोलूनच करायची सवय, कारण समोरच्याच्या गळ्याशी वस्तरा असतो. तो रोज संध्याकाळी दांडका फेकतो, गुडघ्यावर बसतो, कुत्रीकडे पाठ करतो आणि "ये गं माझी राणी, ये गं माझी शहाणी" असं म्हणत राहतो. (नोएलीने इथे लेखणी खाली ठेवली होती. तिला म्हणे इतक्या वर्षांत राणी कोणी म्हटलेलं नाही.) कुत्री आली की खिशातून तळलेल्या चरबीचा कुरकुरीत तुकडा. अल्सीद कुंपणावरून ओरडतो, "भावजी, शिकार शिकवताय की लग्न जुळवताय?" ओव्हीद शांतपणे म्हणतो, "तुमच्यापेक्षा माझ्याकडे गिऱ्हाईक परत येतं, अल्सीद."

असं हे चाललं. सकाळी कान, संध्याकाळी चरबी, आणि मधल्या वेळात ती माझ्या स्वयंपाकघरात. तुझा मेहुणा तेलेस्फोर गेल्यापासून त्याची खुर्ची रिकामी असते, तिच्याखाली ती येऊन पडते. मी हाकलते. ती जात नाही. केस किती झडतात सांगू? हल्ली मी हाकलत नाही, तेवढाच त्रास वाचतो.

मग मोसमाचा पहिला दिवस आला. दोघे काठावरच्या गवताआड एकाच लपणात बसले, कुत्री मध्ये. पाण्यापलीकडे आपल्या गावच्या ओझेमेचं लपण. ओझेमे कसा शिकारीला जातो ते तुला माहीत आहे: बंदूक विसरेल, तवा विसरणार नाही. उजाडायच्या आत त्याने सॉसेज तळायला घेतलं होतं. अल्सीदने पहिलं बदक पाडलं. प्रालीन हुकमाची वाट बघत बसली, हुकूम झाला, गेली, बदक अलगद उचललं, परत निघाली. इथपर्यंत दोन्ही पद्धती जिंकल्या. मग अल्सीदने बदक घ्यायला हात पुढे केला. तो हात तिने ओळखला. अर्ध्या पाण्यात थांबली. ओव्हीद पाठ करून बसला आणि "ये गं माझी राणी" म्हणू लागला, पण खिशात हात घालतो तर खिसा रिकामा. पहाटेपासून गारठ्यात बसून बसून कुत्रीची सगळी चरबी त्यानेच खाल्ली होती. (अक्षर पाहा.) तेवढ्यात वारा ओझेमेच्या बाजूने आला. प्रालीनने जरा विचार केला आणि वळली.

ओझेमेने बदक घेतलं आणि सॉसेजचा तुकडा दिला. त्यानंतर आमच्या घरच्यांनी पाडलेलं एकेक बदक तिने शोधून, न चुकता, एकही पीस न मोडता ओझेमेच्या तव्यापाशी नेऊन ठेवलं. अल्सीद म्हणतो, पाहा, न चुकता आणते, ही माझी शिकवण. ओव्हीद म्हणतो, पाहा, प्रेमाने देते, ही माझी. बदकं ओझेमेने खाल्ली.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर ओझेमे सगळ्यांसमोर टोपी काढून माझ्याकडे आला. "ताई, कुत्री केव्हा नेऊ?" तुझा नियम अल्सीदनेच अख्ख्या खाडीकाठी सांगून ठेवलाय. मी म्हटलं, "ओझेमे, तू तिला ठेवशील कुठे?" म्हणाला, "बाहेर, होडीखाली. कुत्र्याला काय लागतं?" मी घरी आले आणि खुर्चीखाली जुनं घोंगडं अंथरलं.

मला या भांडणात काहीएक रस नाही. कुत्री कोणाची का असेना, मी म्हातारी बाई. तू न्यायाधीश आहेस, तुला योग्य वाटेल ते ठरव. तब्येतीला जप.

तुझी थोरली बहीण,
आझेली

ता.क. ओझेमेच्या हाती बदक दिलं, हे खरं नाही. तिने तव्याशेजारी फळीवर ठेवलं, त्याने उचललं. मी तिघांना स्वतंत्रपणे विचारलंय. तुझ्या नियमात हात आहे, फळी नाही.

ता.क. दुसरा. पण मग तू म्हणशील, कोणाच्याच हाती दिलं नाही, म्हणजे पिंजरा. म्हणून तुला कळवते की मोसमाचा पहिला दिवस माझ्यासाठी मंगळवारी होता, कारण त्याआधी मी शिकारीला गेलेच नव्हते. खुर्ची होडीत घातली, मोठा तवा घेतला आणि काठाला जाऊन बसले. बंदूक नेली नाही. अल्सीदची बदकं आली, ओव्हीदची आली, आणि दुपारपर्यंत ओझेमेचीही यायला लागली. प्रत्येक मी हाताने घेतलं. नोएली साक्षीदार आहे, इथे खाली फुली माझी आणि सही तिची.

ता.क. तिसरा. नाताळात जरूर या. पिंजऱ्याच्या जागी कांद्याचं पोतं टाक गाडीत. बदकं आहेत.